भेदऱ्या

चौतीस वर्षं नागपूर जंक्शनवर
गाडी थांबली की मी चाकं ठोकत गेलो.
लांब दांड्याचा हातोडा, एका चाकाला एक ठोका,
आणि कान.
टण्ण वाजलं तर चाक धड,
भद्द वाजलं तर कुठेतरी चीर.
कुणाच्या आतलं ऐकायची
दुसरी रीत मला ठाऊक नव्हती.

हा बेसा रोडवरच्या एका बंगल्यातला.
मालकाची बदली झाली. सोफा नेला, कुलर विकला,
याला मानेवाड्याच्या आमच्या गल्लीत सोडलं.
गळ्यात आतून काटे असलेली साखळी.
ती काढली तर खाली केसच नव्हते,
नुसती घासलेल्या रुळासारखी एक गोल पट्टी.
नाव काय होतं कोण जाणे.
‘नो’ म्हटलं की वळून बघायचा,
तेच आपलं नाव समजत असावा.

हात वर गेला,
टोपी काढायला, माशी हाकलायला, कशालाही,
की पोट जमिनीला, शेपूट पायांत, खाली ओलं.
शेजारचे ढोबळे हसले, “भेदरलं बे हे पार!”
आमच्याकडे भेदरं म्हणजे टमाटर.
नाव पडलं भेदऱ्या.

वेटर्नरी कॉलेजातली प्रांजली मेश्राम
रविवारी स्कूटीवरून आली, डब्यात
उकडलेल्या कलेजीचे हरभऱ्याएवढे तुकडे.
“काका, तो बसेल. तुम्ही बसवू नका.”
“पाठ दाबली तं लवकर बसन नं.”
“बसन. पन मंग जलमभर हाताचीच वाट पायन.”

तुकडा नाकापासून कपाळाकडे न्यायचा, सावकाश.
नाक वर गेलं की बूड आपोआप खाली.
बूड टेकलं त्या क्षणी जिभेनं टक्,
आणि तुकडा.
टक् झाल्यावर तुकडा चुकवायचा नाही. कध्धी.

पहिल्याच टक्‌ला तो बाजेखाली पळाला.
मग लांबून टक्, तुकडा टाकायचा, पाठ फिरवायची.
अकरा दिवस. मे महिना. पहाटे पाच ते साडेपाच,
त्यानंतर अंगणात पाय ठेवता येत नाही.
बाराव्या दिवशी बूड टेकलं, अर्धंच,
निघायच्या बेतातला पाहुणा टेकतो तसं,
आणि मी आनंदानं ओरडलो.
पुन्हा बाजेखाली.

बायको पोळ्या लाटता लाटता म्हणाली,
“नितेशला पाढे शिकवताना कुठं गेलं होतं हे डोकं?”
नितेशला सतराचा पाढा येतो.
अजूनही येतो.
फोनवर ‘हो बाबा’ म्हणायच्या आधी
तो जरासा थांबतो.
ते थांबणं मी चौतीस वर्षांच्या कानांनी ऐकतो.
भद्द.

मराठीचं एक बरं आहे,
बस म्हणजे बूड टेक
आणि बस म्हणजे पुरे.
मी दोन्ही म्हणतो एकदम.
त्यातलं त्याला काय पोचतं, माहीत नाही.

आज बाजारातून आलो, घामाघूम,
विसरलो आणि झटक्यात टोपी काढली.
भेदऱ्याचे कान मागे गेले,
पोट खाली जायला लागलं,
मध्येच कुठेतरी थांबलं.
मग बूड टेकलं. पुरतं.
मी काही म्हटलंच नव्हतं.
तो माझ्या हाताकडे बघत होता,
आत काय आहे म्हणून.

आत टोपी होती. खिशात एक तुकडा नाही.
जीभ टाळूला लागलेली, तिथंच धरून ठेवली,
तसाच सरकत सरकत स्वयंपाकघराच्या दाराशी,
खुणा करत, पोळीकडे, कुत्र्याकडे, पुन्हा पोळीकडे.
“तोंडानं बोला की,” बायको म्हणाली.
मी मान हलवली. नाही म्हणून.
तिनं ताजी पोळी तोडली, दोनदा फुंकली,
माझ्या हातावर ठेवली.

टक्.